बेंबीखालची खूण

आमच्या धंद्यात खूण जितकी लहान तितका डॉक्टर मोठा, असं मानायची एक वेळ आली होती. ती आली तेव्हा मी परभणीत स्वतःचा दवाखाना थाटून भलत्याच आत्मविश्वासाने बसले होते. आता हात थांबवून बरीच वर्षं झाली. सकाळी फिरायला गेले की जुन्या पेशंट भेटतात, "बाई, ओळखलं का?" म्हणून विचारतात. मला चेहरे आठवत नाहीत, पोटं आठवतात. पण ते भर रस्त्यात सांगण्यासारखं नसतं, म्हणून मी नुसतीच मान हलवते.

दिवाळी अंकासाठी 'तुमच्या हातून झालेली एखादी अवघड शस्त्रक्रिया' लिहा, असं संपादकांनी सांगितलं. अवघड पुष्कळ झाल्या. दिवे गेले, रक्त मिळालं नाही, भूल देणारे डॉक्टर स्कूटर पंक्चर होऊन अर्ध्या वाटेत राहिले. त्यांतल्या बहुतेक मी विसरले. जी विसरता येत नाही ती अगदी सोपी झाली होती. सगळं मनासारखं पार पडलं होतं आणि रक्त चमचाभरसुद्धा गेलं नव्हतं.

आधी दुर्बिणीबद्दल सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाची वर्षं होती ती. अधूनमधून बंद, मोर्चे, डेपोत उभ्या असलेल्या एसट्या. त्यातूनही हिवाळा आला की तालुक्या-तालुक्याला कुटुंबनियोजनाची शिबिरं भरत आणि आम्हा खाजगी डॉक्टरांनाही बोलावणं येई. शाळेचे बाक जोडून टेबल करायचं. बाईचं डोकं खाली आणि पाय वर राहावेत म्हणून एका बाजूच्या पायांखाली विटा लावायच्या. बेंबीखाली सुई टोचून जागा बधिर करायची, बोटाच्या पेराएवढंही नाही असं छिद्र पाडायचं, पोटात हवा भरायची आणि दुर्बिणीची नळी आत घालून तिला एक डोळा लावायचा. आत गर्भनळ्या दिसल्या की दोन्हींवर रिंग चढवून त्या बंद करायच्या. बाहेर आलं की एक टाका. बाई घटकाभर सतरंजीवर पडायची आणि संध्याकाळी बैलगाडीने घरी जायची. पूर्वीच्या ऑपरेशनला आठ दिवस पडून राहावं लागे, त्यामुळे बायकांना हे फार आवडलं. मूल होऊ नये म्हणून करायच्या ऑपरेशनला जिल्ह्यात सगळे नुसतं 'दुर्बीण' म्हणू लागले.

जिंतूरच्या शिबिरात एका सुनेची सासू खिडकीत येऊन उभी राहिली होती. मला म्हणाली, "बाई, आत बघायलाच लागलाव तर जरा वर काळजाकडं बी बघा. तिथं सासूसाठी कायी माया हाय का न्हाई, तेवढं सांगा." मी म्हटलं, नळी तिथपर्यंत पोचत नाही. "मंग कशाची दुर्बीण," म्हणत ती गेली.

अशा शिबिरांत शेकडो पोटांत डोकावल्यावर डोळा तयार झाला. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना दोन अंडाशयं असतात, सोललेल्या बदामासारखी, पांढरट. कधीकधी त्यांतल्या एकावर पाण्याने भरलेली गाठ दिसायची. तरुण मुलींमध्ये अशा गाठी बहुतेक साध्याच असतात, कॅन्सरच्या नसतात. पण त्या वाढतात, दुखतात आणि मध्येच पीळ पडला तर जिवावर बेततं. तेव्हाची रीत म्हणजे पोट वीतभर उघडायचं आणि गाठीसकट अख्खं अंडाशय काढून टाकायचं. एक गेलं तर दुसरं आहेच की, असं आम्ही म्हणत असू. मला ते पटत नसे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचं अंडाशय उगाच का फेकायचं? मुंबईला एका डॉक्टरांना दुर्बिणीतून गाठ रिकामी करून, अंडाशय राखून ऑपरेशन करताना मी पाहिलं होतं. परत आले आणि तेच करायला लागले. परभणीत तेव्हा दुसरं कोणी करत नव्हतं, हे मला फार चांगलं ठाऊक होतं.

गयाबाई आपल्या मुलीला घेऊन आल्या त्या अशा काळात. चारठाण्याच्या अलीकडचं त्यांचं गाव. नवरा वारलेला, थोडी कोरडवाहू जमीन. कौशल्या त्यांची एकुलती मुलगी, सतरा-अठराची. पदर पोटावरून घट्ट ओढून खाली बघत बसली होती. पोट खरंच वर आलेलं दिसत होतं.

"पाळी येती का?" मी विचारलं.

"येती की. दर म्हैन्याला येती," गयाबाईच म्हणाल्या. "म्या स्वता बघते बाई. पर गावात लोकं भलतंच बोलायलेत. कालच्याला हिरीवर एक जण तोंडावर म्हणली, गया, पोरीला कितवा हाय?"

तपासल्यावर गाठ हाताला लागली. सोनोग्राफीसाठी तेव्हा औरंगाबादला पाठवावं लागे. तिथून निदान आलं, डाव्या अंडाशयावर नारळाएवढी, पातळ भिंतीची, आत नुसतं पाणी असलेली गाठ. दुर्बिणीला यापेक्षा चांगली केस मिळाली नसती. काढावी लागेल, असं सांगितल्यावर गयाबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो खुणेबद्दल.

"कापल्याली खूण दिसंल का वो? पालमकडं सोयरीक जुळायलीय हिची. चांगलं घर हाय. पोट कापल्याली पोरगी कोन करीन?"

"खूण ज्वारीच्या दाण्याएवढी राहील," मी म्हटलं. "बेंबीखाली एक. दुसरी अगदी खाली, कोणाला दिसायची नाही. आणि अंडाशय राखते, लेकरं होतील."

गयाबाईंनी माझे दोन्ही हात धरले. "मंग तसंच करा बाई. अन् कोनाला सांगू नका."

इथे आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. पोटातून गोळा काढला की बाहेर बसलेल्या नातेवाइकांना तो ट्रेमध्ये घालून दाखवावा लागतो. भाऊबंद, शेजारी, कधी गावचा पोलीस पाटीलसुद्धा येऊन बसलेला असतो. सगळे वाकून बघतात, कोणी काडीने हलवून बघतं, 'बाप रे, केवढा हाय' म्हणतात, मग ऑपरेशन झालं यावर त्यांचा विश्वास बसतो. नवी असताना मला ही जत्रा वाटायची. आम्ही पडद्याआड हसायचो. ही गावाची साक्ष होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

कौशल्याच्या वेळी नेमका नामांतरावरून बंद होता. मायलेकी आदल्या दिवशीच येऊन राहिल्या होत्या, एसटी बंद असल्यामुळे गावाकडचं दुसरं कोणी येण्याचा प्रश्नच नव्हता. ते गयाबाईंच्या पथ्यावरच पडलं. ऑपरेशन सुरेख झालं. अजूनही हा शब्द वापरताना मला संकोच वाटतो, पण झालं तसंच. बेंबीखालून दुर्बीण घातली, गाठीतलं पाणी सुईने ओढून घेतलं, रिकामी झालेली पिशवी खालच्या बोटभर छिद्रातून अंडाशयासकट अलगद वर घेतली. भिजवलेल्या हरभऱ्याचं टरफल सुटावं तशी ती सुटून आली. अंडाशयाला दोन बारीक टाके घालून ते परत जागेवर ठेवलं. गयाबाईंना ट्रे दाखवला तर त्या म्हणाल्या, "एवढंच?" ट्रेमध्ये विरलेल्या फडक्यासारखं काहीतरी पडलं होतं आणि शेजारी गाठीतल्या पाण्याची बाटली. दुसऱ्या दिवशी ती पिशवी औषधात बुडवून, बरणी फडक्यात बांधून, एसटीच्या कंडक्टरकडे तपासणीसाठी औरंगाबादला दिली. अहवाल आला, गाठ साधी.

टाका काढायला आल्या तेव्हा गयाबाईंनी त्या खुणेवरून बोट फिरवून पाहिलं आणि डोळे पुसले. जाताना फडक्यात बांधलेले धपाटे देऊन गेल्या. कौशल्या दारात थांबून पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. त्या दिवशी मी जितकी खूश होते, तितकी नंतर कुठल्या ऑपरेशनने झाले नाही.

उन्हाळ्यात लग्न झालं. पत्रिका आली होती, मला जायला जमलं नाही.

दिवाळीच्या सुमारास पालमकडचे एक गृहस्थ दवाखान्यात आले. पांढरा पटका, स्वच्छ धोतर. सोबत डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई. कौशल्याचे सासरे मारोतराव आणि त्यांची थोरली सून भामा. भामाने ओळख दिली, पालमच्या शिबिरात तिची दुर्बीण मीच केली होती. मारोतराव बाकावर टेकले, पाणी प्यायले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, तुमच्यावर आमचा भरोसा हाय, म्हणून आलोत. माझ्या दोन सुनांची दुर्बीण तुमीच केली. ती लेकरं झाल्यावर. तिसरीची लग्नाच्या आधीच केलती का?"

मग भामा बोलली. तिचा आवाज रडका झाला होता. "म्या कायी वाईट मनानं न्हाई बोलले वो बाई. न्हाणीत तिची पाठ घासून द्यायलते. खूण दिसली. म्या हसून म्हणलं, माझ्यासारखीच खूण की गं तुला. भाईर सासूबाई बसल्या व्हत्या."

तिने पदर बाजूला करून आपली खूण मला दाखवली, जणू मला ती माहीत नव्हती. बेंबीखाली, किंचित डावीकडे, ज्वारीच्या दाण्याएवढी. मी टाका घालते तो जरा तिरका बसतो, हात तसा वळलेला आहे. कौशल्याच्या पोटावरही तो तसाच होता. दोन्ही माझ्याच हातचे.

गयाबाईंना दिलेला शब्द मोडून मी सगळं सांगितलं. गाठ, पाणी, अंडाशय, सगळं. मारोतरावांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"केवढी गाठ व्हती म्हणलाव?"

"नारळाएवढी."

त्यांनी भामाच्या पोटाकडे न बघता बोटानेच हवेत एक ठिपका दाखवला. "अन् नारळ येवढ्यातून भाईर आला?"

"आत पाणी होतं. ते ओढून घेतलं. रिकामी पिशवी खालच्या दुसऱ्या छिद्रातून काढली."

"गोळा बघितला कोनी?"

"तिच्या आईने."

"आई तर आईच हाय, बाई. आनखी कोनी? भावकीतलं, गावचं?"

नळ्यांतून औषध सोडून एक्स-रे काढता येतो, तो काढून नळ्या मोकळ्या आहेत हे दाखवते, असं मी सुचवलं. ते म्हणाले, "मशीन तुमची, कागद बी तुमचाच. आमाला त्यातलं काय कळायलंय?" मग उठता उठता ते जे बोलले ते मी आजवर शेकडो वेळा मनात ऐकलं असेल. "काहून लपिवलं वो? चांगलं इतभर कापलं असतं, तर आमी म्हणलो असतो, पोरीच्या पोटात गोळा व्हता, देवानं वाचिवली. लपिवण्यासारखं काय व्हतं त्यात?" लग्नाआधी अशी खूण का असते याचा त्यांच्या घरात काय अर्थ लावला गेला, ते त्यांनी उच्चारलं नाही. माणूस मर्यादेचा होता.

पुढच्या रविवारी मी एसटीने पालमला आणि तिथून त्यांच्या गावी गेले. कौशल्याला तोवर माहेरी पाठवून दिलं होतं. ओसरीवर बायका जमल्या. मी पाटीवर खडूने गर्भाशय काढून दाखवलं, गाठ काढून दाखवली, बोलून बोलून घसा कोरडा पडला. सासूबाईंनी चहा दिला. म्हणाल्या, "तुमी खोटं बोलसाल असं न्हाई म्हणत बाई. तिला दिवस राहिले तर आमी वाजत गाजत आणू."

"माहेरी राहून दिवस कसे राहतील?" मी विचारलं.

कौशल्याचा नवरा खांबाला टेकून उभा होता, विशीचा कोवळा मुलगा. मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो आत निघून गेला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं असं मला वाटलं, पण उपयोग काय? पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी त्याचं दुसरं लग्न लावलं.

त्यानंतर काही वर्षं मी एक गोष्ट करत असे. डॉक्टर लोकांनी हे वाचलं तर हसतील, हसू देत. लग्न न झालेली मुलगी गाठ घेऊन आली, की तिच्या आईला मी सगळं समजावून सांगायचे आणि मग विचारायचे, खूण लहान हवी की मोठी? बहुतेक आया विचार करून मोठी म्हणायच्या. मी हातात असलेली दुर्बीण बाजूला ठेवून पोटावर चांगली चीर देत असे. अंडाशय मात्र राखायचे, तेवढं माझं समाधान. आणि आणखी एक अट घालायचे, ऑपरेशनला गावची चार माणसं घेऊन या. ट्रे स्वतः बाहेर न्यायचे, सगळ्यांना वाकून बघायला लावायचे. औरंगाबादच्या एका परिषदेत एका तरुण डॉक्टरने मला विचारलं, मॅडम, एवढी शिकलेली विद्या वापरत का नाही? मी म्हटलं, गावाला परवडत नाही. त्याला वाटलं मी खर्चाबद्दल बोलते आहे.

त्या मुलींना मी नको तेवढं कापलं, नको तेवढं दुखवलं, याचं वाईट वाटतं. दहा-बारा वर्षांनी दुर्बिणीतून सगळीच ऑपरेशनं व्हायला लागली, पित्ताशयाची, अपेंडिक्सची, आणि त्या खुणेचा तो एकच अर्थ पुसून गेला. कौशल्याने जरा उशिरा आजारी पडायला हवं होतं, असा वेडगळ विचार माझ्या मनात कितीदा येऊन गेला असेल.

ती पुन्हा आली ती नामांतराचा प्रश्न एकदाचा मिटला त्या वर्षी. दुपारची ओपीडी संपत आली होती. कडेवर एक लेकरू, बोटाशी एक, दोन्ही मुलं. अंगाने भरली होती. मी तिला लगेच ओळखलं, तिचं पोट न बघता, चेहऱ्यावरून. आईने तिला गंगाखेडच्या एका बिजवराशी पाट लावून दिला होता. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करणारा माणूस, पहिलीची एक मुलगी असलेला. "लोकं म्हणायलेत लेकरं होन्हार न्हाईत, हे सांगूनच दिलं मायीनं," ती म्हणाली. "त्यो म्हणला, मला हाय की एक, मला भाकर करनारी पायजे. अन् वरसाच्या आतच ह्यो झाला." तिने मोठ्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"बाळंतपणाला माझ्याकडे का नाही आलीस? राग होता का?"

"राग न्हाई वो बाई. तुमच्या दारात आलं की मायीचं तोंड आठवन, म्हणून." गयाबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या. "दोन नातू बघितले तिनं. तरी बी म्हणायची, म्या लपिवलं म्हणून तुझं घर गेलं. त्याच घोरात गेली."

घर गेलं ते गयाबाईंनी लपवल्यामुळे नव्हे, असं मला तिला सांगायचं होतं. पण ते कोणामुळे गेलं ते मला तरी कुठे नीट सांगता आलं असतं?

"आता काय काम काढलंस?" मी विचारलं.

"दुर्बीण करायची हाय. दोन झाले, बास झाले." मग तिने बेंबीखाली बोट टेकवलं. "पर नवीन जागी कापू नका बाई. खूण हाय की कव्हाची तयार. तिच्यातूनच घाला. येवढं सगळं झालं तिच्यापायी, आता तेवढी खरी करून टाका."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला टेबलावर घेतलं. जुन्या तिरक्या टाक्यावरच बधिर केलं, त्यातूनच नळी आत गेली. डोळा लावला आणि डावीकडे वळवली. अंडाशय तिथे होतं. सोललेल्या बदामासारखं, पांढरट, भरलेलं. माझ्या दोन टाक्यांच्या जागी केसाएवढी एक रेघ, शोधली तरच दिसणारी. इतकं चांगलं भरून आलेलं मी क्वचितच पाहिलं आहे. मी तशीच बघत राहिले.

"बाई, काही आहे का?" सिस्टरने विचारलं.

"नाही. सगळं छान आहे," मी म्हटलं.

त्या दुर्बिणीला एकाच माणसाचा एक डोळा लागायचा. मारोतरावांना, सासूबाईंना, त्या खांबाला टेकलेल्या मुलाला, गयाबाईंना, कोणालाच ते दाखवता येणार नव्हतं. मी दोन्ही नळ्यांवर रिंग चढवल्या, दुर्बीण बाहेर काढली आणि जुन्याच जागी एक टाका घातला.